तीन उन्हं

अमेरिकेला जाऊन मी तूर पाहून आलो. गावात जो तो विचारतो, उंच इमारती पाहिल्या का, समुद्राएवढं तळं पाहिलं का. पाहिलं. पण सहा महिने माझा जीव अडकला होता तो तुरीत, आणि ती तूर अमेरिकेतलीही नव्हती, आफ्रिकेतली होती. विहाराच्या वाचनालयातली मंडळी म्हणाली, बाबाजी, लिहून काढा, आम्ही काही तिकडे जाणार नाही. म्हणून लिहितो. शिक्षण सातवीपर्यंत. कुठे अडलात तर मनात ठेवू नका, घरी येऊन विचारा.

माझी बायको पंचफुला मागच्या जानेवारीत गेली. आमची एकच मुलगी, सुजाता. ती आणि जावई अमोलराव शॉमबर्गला राहतात. शिकागो शहराच्या कडेचं गाव आहे. नात कॉलेजसाठी दूर असते. सुजाता म्हणाली, बाबा, सहा महिने इकडे या. मी म्हटलं, कायले? ती म्हणाली, घरात एकटे बसून तुम्ही भिंतीशी बोलता, शेजारच्या काकूंनी सांगितलं मला. भिंत उलटं बोलत नाही, हा तिचा गुण आहे. पण पोरीचं ऐकलं आणि मेच्या शेवटी गेलो.

शॉमबर्ग

पहिले आठ दिवस मला कोणी मेलंय का असं वाटायचं. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं भुंकत नाही, फेरीवाला ओरडत नाही. घरं सगळी एका सुरात रंगवलेली. गवत सगळ्यांचं एका उंचीचं. खायला घालायला ढोरं नाहीत तरी दर शनिवारी गवत कापतात. मी अमोलरावांना विचारलं, कापलेल्या गवताचं काय करता? ते म्हणाले, पिशवीत भरून कचऱ्यात देतो. त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

भाकरीचंही सांगतो. ज्वारीचं पीठ सुजाता फ्रिजमध्ये ठेवते. थंड पिठाची भाकर थापताना कडा फाटतात. मी म्हटलं, पीठ रात्री बाहेर काढून ठेवत जा. दुसऱ्या दिवशी कडा फाटल्या नाहीत. हे मी पंचफुलाकडून पाहून शिकलो होतो. स्वतः कधी थापली नाही. आता ती गेल्यावर मी सगळ्या गोष्टी सांगू शकतो, करू शकत नाही.

सुजाता एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. आठ-नऊ वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाने पंधरा दिवस ती आफ्रिकेत मलावी देशात गेली होती. तिथल्या खेड्यांत तिला बांधाबांधावर तूर दिसली. तिकडे तिला नांडोलो म्हणतात. तूर बायका लावतात, पण बियाणं टिकत नाही. पेरणीपर्यंत भुंगा सगळं पोखरतो आणि बायका बी मागत दारोदार फिरतात. सुजाता परत आली ती हेच डोक्यात घेऊन. नागपूरचे, पुण्याचे, जयंतीच्या कार्यक्रमात ओळख झालेले असे दहा-बारा लोक तिने जमवले आणि संस्था काढली. शाळेत दुपारचं जेवण, दोन विहिरी, शेवग्याची झाडं असं करत करत चार वर्षांपूर्वी त्यांनी तिथे बियाणंघर बांधायला घेतलं. चाळीस घरांचं तुरीचं बी एका जागी, झाकणबंद ड्रममध्ये. पहिली दोन वर्षं भिंती उभ्या करण्यात गेली. मग दोन हंगाम बी भरलं, आणि दोन्ही वेळा ते कुजलं. झाकण उघडलं की कुबट वास आणि पांढरी बुरशी.

आता ह्यात पंचफुला कुठून आली ते सांगतो. बी कसं राखायचं हे सुजाताने आईला फोनवर विचारलं होतं. मुलीला शेतातलं काही येत नव्हतं, त्याला मी जबाबदार. पाचवीपासून तिला नागपूरला वसतिगृहात ठेवली. सुट्टीत आली तरी शेतात पाय टाकू दिला नाही. म्हटलं, तू शिक, आमच्या पिढ्या ढेकळं फोडण्यात गेल्या. तर आईने फोनवर सांगितलं आणि हिने लिहून घेतलं, इंग्रजी केलं, तिकडे पाठवलं. दोनदा बी कुजलं हे कळल्यापासून पंचफुला गप्प झाली. जायच्या आठ दिवस आधी दवाखान्यात मला म्हणाली, "सुजाताचे बाबा, माह्यं सांगणं चुकलं असन का हो?"

मी म्हटलं, नाही. पण मलाही माहीत नव्हतं. चाळीस बायांचं बी आपल्या शब्दाने बुडालं, हे ओझं घेऊन ती गेली.

शॉमबर्गला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी एका सकाळी चहा पीत होतो. सुजाता पोळ्या करत होती, फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात बोलणं चाललं होतं. पलीकडे शिरीष. हा मूळ पुण्याचा, नोव्हाय गावात मोटारीच्या कंपनीत इंजिनियर, संस्थेच्या समितीत आहे. मी तिथे बसलोय हे त्याला माहीत नव्हतं.

"सुजाता, इमोशनल होऊ नको यार," तो म्हणाला. "काकूंची देशी मेथड होती, ट्राय केली, दोनदा फेल झाली. सीड बँक क्लोज करू. डायरेक्ट फूड पॅकेट्स पाठवू. पुढच्या महिन्यात माझ्याकडे मीटिंग आहे, तिथे डिसिजन घेऊन टाकू."

तव्यावरची पोळी काळी झाली.

मी कप खाली ठेवला. मेलेल्या माणसाच्या नावावर चूक चढवणं सोपं असतं. तो उठून भांडत नाही.

डेव्हन

त्या रविवारी अमोलराव मला डेव्हन ॲव्हेन्यूला घेऊन गेले. शिकागोतला हा रस्ता म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या गावातला बाजार कोणी उचलून नेल्यासारखा. साड्या, जिलेबी, भांडी, मशिदीला जाणारे लोक, गाडी लावायला जागा नाही म्हणून शिव्या. मला बरं वाटलं. कोणीतरी कोणाला तरी ओरडत होतं.

किराण्याच्या दुकानात अख्ख्या तुरीचं पाकीट होतं. आपली सगळी डाळच विकतात, अख्खी तूर क्वचित. मी पाकीट वरखाली केलं. "अमोलराव, ही कुठली तूर? आपल्याकडची दिसत नाही, दाणा बारीक आहे."

त्यांनी मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि मान वर केली. "बाबा, ही मलावीची आहे."

मी चार पाकिटं घेतली. अमोलराव म्हणाले, एवढ्याचं काय करणार? मी म्हटलं, पाहतो. मला खरंच माहीत नव्हतं काय पाहणार ते. दात माझे सहा वर्षांपूर्वीच गेले. तूर पारखायची ती दाताने. आमच्या घरी ते काम पंचफुलाचं. बी भरायच्या आधी ती दाणा दाढेखाली घ्यायची. कट्ट आवाज आला की म्हणायची, "वाजलं." मग कणगीचं तोंड लिंपायचं. दाणा दाबला गेला, वाजला नाही, की पुन्हा उन्हात. चाळीस वर्षं आमचं बी त्या एका शब्दावर राहिलं.

घरी आल्यावर दारापुढच्या सिमेंटच्या वाटेवर, जिथे गाडी उभी करतात तिथे, मी चादर टाकली आणि तूर पसरली. विकतची का असेना, तूर घरात आली की तिला ऊन दाखवायचं, ही सवय. संध्याकाळी गोळा करायचं विसरलो. ह्या लोकांनी गवताला पाणी द्यायला जमिनीत फवारे पुरलेत. पहाटे ते आपोआप उठतात. सकाळी पाहतो तर तूर न्हाऊन बसलेली.

अमोलराव ऑफिसला निघताना हसले. "सॉरी बाबा, टायमर लावलेला आहे."

"तुमच्या गवताला भुकेपेक्षा तहान जास्त," मी म्हटलं आणि तूर सुकी चादर घेऊन पुन्हा पसरली. ह्या वेळी फवाऱ्यापासून लांब.

मग बदकं आली. बदकं म्हणजे आपल्याकडची नाहीत, बकरीच्या पिलाएवढी, काळ्या मानेची. सात जण रांगेत आले आणि पंगतीला बसावं तसे बसले. मी काठी घेऊन धावलो. तर त्यातलं एक माझ्यावर धावलं. बहात्तर वर्षांचा माणूस अमेरिकेत बदकापुढे पळाला हे समोरच्या डोनाबाईने पाहिलं. ही गोरी म्हातारी एकटीच राहते. ती हातात जाळी घेऊन आली, तिच्या स्ट्रॉबेरीवर टाकायची. दोघांनी मिळून ती तुरीवर ताणली आणि चार कडांना विटा ठेवल्या. मला इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही. तिने खिडकीतून दिसणाऱ्या पंचफुलाच्या फोटोकडे बोट दाखवलं, फोटोला फुलं होती. मी मान हलवली. तिने आपल्या घराकडे, मग आकाशाकडे बोट केलं. तिचाही गेला होता.

दोन दिवसांनी वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं, की दर्शनी भागात धान्य वाळवता येत नाही. मी अमोलरावांना म्हटलं, त्यांना लिहा, म्हातारा वाळवतो आहे, धान्य तर निमित्त आहे. त्यांनी ते लिहिलं नाही. आम्ही चादर मागच्या अंगणात नेली.

त्या आठवड्यात आभाळ भरून होतं. एक दिवस कडक गेला, मग दोन दिवस मळभ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मागे गेलो तर चादरीवर अर्धीच तूर.

"सुजाता, बाकीची तूर कुठं गेली? बदकं मागून आली का?"

"नाही बाबा, मी भरून ठेवली. त्या टाइट झाकणाच्या डब्यात." ती लॅपटॉपवरून डोकं न काढता बोलली. "उरलेली उद्या भरते, दुसरा डबा धुवायला टाकलाय."

"इतक्यात भरली काहून?"

"तीन दिवस झाले ना."

"दिवस तीन झाले. ऊन एकच झालं."

तिने डोकं वर काढलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? काल ऊन होतं का? आज होतं का? दुपारी तुरीत हात घालायचा. हाताला गरम लागली तर ते एक ऊन. नाही लागली तर तो दिवस मोजायचा नाही. तुही माय काय सांगायची, तीन उन्हं दाखवा."

सुजाताने लॅपटॉप बाजूला सारला. मग हळू म्हणाली, "बाबा, मी तीन दिवस लिहिलं."

"कुठं?"

"मॅन्युअलमध्ये. आई तीन उन्हं म्हणाली. मी तीन दिवस लिहिलं. त्यांची तूर जुलैत निघते बाबा. तिकडे जुलै म्हणजे थंडी असते, आठ-आठ दिवस झिमझिम असते, धुकं असतं."

शब्द पोरीला सगळे येत होते. ऊन येत होतं, तीन येत होतं. फक्त ऊन मोजायची पाळी तिच्यावर मी कधी येऊ दिली नाही. शिकवलेली मुलगी आणि न शिकवलेलं शेत, दोन्ही माझीच करणी.

ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको. तुही माय चुकली नव्हती, हे आज कळलं. मले पाच महिन्यांत एवढी चांगली बातमी कोणी दिली नाही." आणि म्हटलं, "तो भरलेला डबा उघडू नको. तसाच राहू दे."

उरलेल्या अर्ध्या तुरीला मी आणखी दोन उन्हं दाखवली. दोन उन्हं मिळायला पाच दिवस लागले.

नोव्हाय

नोव्हायला मोटारीने पाच तास. वाटेत मका. मैलोन्‌मैल मका, एका रेषेत, आणि त्यात माणूस एकही नाही. पीक आहे, बांध नाही, बांधावर झाड नाही, झाडाखाली भाकर खाणारं कोणी नाही. मला ते शेत पाहून हेवाही वाटला आणि भीतीही.

शिरीषचं घर मोठं. त्याच्या बायकोने मिसळ केली होती, झणझणीत, आणि पाव इथला असून चांगला होता. सात-आठ माणसं जमली होती. दारात सगळे "जय भीम काका" म्हणून वाकत होते, मग लगेच आपसात इंग्रजीत शिरत होते. शिरीष चांगला वागला. मला पंख्याखालची खुर्ची दिली. ज्याच्यावर राग धरून पाच तास बसलो तो माणूस पाणी आणून देतो, तेव्हा राग कुठे ठेवावा कळत नाही.

जेवण झाल्यावर भिंतीवर चित्रं लावून बोलणं सुरू झालं. शिरीषने कुजलेल्या ड्रमचे फोटो दाखवले. एका फोटोत कोपऱ्यात गवताने शाकारलेली, बांबूच्या विणकामाची उंच टोपली होती, खाली लाकडाचे पाय. मी म्हटलं, "थांबा. ही कणगी कोणाची?"

"ते त्यांचं जुनं स्टोरेज आहे काका. आम्ही त्याच्या जागी ड्रम दिले."

"ते तर आमचंच आहे."

शिरीष म्हणाला, "काका, तुमच्या फीलिंग्ज मी समजतो. पण दोन सीझन लॉस झाला. तिथल्या बायकांना आपण तिसऱ्यांदा काय सांगायचं?"

मी पिशवीतून दोन डबे काढले. सुजाता उभी राहिली. ती बोलणार होती, मी हाताने बसवलं. माझ्याकडून चूक बाहेर आली तर म्हाताऱ्याची बडबड होईल, पोरीने सांगितली तर माफी होईल. मला दोन्ही नको होतं. दात हवे होते.

"शिरीषराव, तुमचे दात आहेत का खरे?"

लोक हसले. "आहेत काका."

"मग हा दाणा चावा."

पहिला डबा उघडला. तीन दिवसांनी भरलेला, त्यावर तीन आठवडे बंद. पुढे बसलेल्या बाईने नाकाला रुमाल लावला. शिरीषने दाणा पुसला, चावला, आणि तोंड वाकडं केलं. दाणा दाढेखाली नुसता दबला.

"आता हा." दुसऱ्या डब्यातला. तीन उन्हांचा.

कट्ट.

मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. मी म्हटलं, "तूर एकाच पाकिटातली. डबा तसलाच. एकाला तीन दिवस दिले, दुसऱ्याला तीन उन्हं. तुमच्या पुस्तकात दिवस लिहिलंय. माझ्या बायकोने उन्हं सांगितली होती."

मग सुजाता उठली आणि सांगितलं की भाषांतर तिने केलं. कोणावर ढकललं नाही, लांबवलं नाही. मला तिचा अभिमान वाटला तो तेव्हा, अमेरिकेला आली तेव्हा वाटला नव्हता एवढा.

शिरीषने दोन्ही डबे पुढे ओढले. इंजिनियर माणूस, त्याने आणखी चार दाणे चावून पाहिले, दोन ह्यातले, दोन त्यातले. मग म्हणाला, "ओलावा मोजायचं मशीन मीच पाठवलं होतं. सेल संपले आणि तिथे सेल मिळेनात, तर पडून आहे." डब्यांची झाकणं लावत म्हणाला, "दाताला सेल लागत नाही. ओके काका. एक सीझन. नोव्हेंबरमध्ये ड्रम उघडू. परत कुजलं तर मात्र बंद."

"कुजलं तर मीच बंद करायला सांगीन," मी म्हटलं.

निघताना त्याने मला दारात अडवलं. "काका, त्या दिवशी फोनवर... सुजाता म्हणाली तुम्ही तिथे होता."

"होतो."

"सॉरी."

"मिसळ चांगली होती," मी म्हटलं. चूक मान्य करणाऱ्याला दोनदा वाकवू नये.

पुन्हा शॉमबर्ग

आता रोज सकाळी सातला मलावीशी फोन. तिकडे तेव्हा दुपारचे दोन. संस्थेचं काम पाहणारी ग्रेस नावाची मुलगी फोन धरायची आणि भाषांतर करायची, इकडून सुजाता. बियाणंघर सांभाळणाऱ्या बाईचं नाव एस्नाथ. माझ्याच वयाची असेल. डोक्याला फडकं, एक डोळा बारीक करून बोलायची. मला बाम्बो म्हणायची, म्हणजे बाबा.

पहिल्याच दिवशी मी ऊन म्हणजे काय ते सांगितलं. दुपारी हात घालायचा, गरम लागलं तर मोजायचं. तिने ऐकलं आणि खो खो हसली. बराच वेळ ग्रेसशी बोलली. ग्रेसने इंग्रजीत सांगितलं, सुजाताचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?"

"म्हणते, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या आया असंच करायच्या. पण तुमच्या पुस्तकात तीन दिवस लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, तुमच्या ड्रममध्येच काहीतरी असेल, ऊन लागत नसेल. पुस्तक आलं म्हणून आम्ही आमचं डोकं बाजूला ठेवलं."

मीही पुस्तकावर असाच विश्वास ठेवून पोरीला शेतातून बाहेर काढलं होतं. म्हटलं, "त्यांना सांग, पुस्तक फाडू नका. त्यात एक शब्द खोडा."

जुलै, ऑगस्ट आम्ही दोघं म्हातारे दोन खंडांत बसून आभाळ पाहत होतो. एस्नाथने एक युक्ती काढली. मातीच्या वाडग्यात खडे. दुपारी तुरीत हात घालायचा, गरम लागली तर एक खडा टाकायचा. रोज फोनवर ती वाडगा तिरका करून दाखवायची. एक खडा. दुसऱ्या दिवशी एकच. तिसऱ्या दिवशी एकच, मागे धुकं. ती आभाळाकडे बघून काहीतरी बोलायची, ग्रेस ते भाषांतर करायची नाही. तीन खडे पडायला अकरा दिवस लागले. पुस्तकाप्रमाणे बी आठ दिवस आधीच ड्रममध्ये गेलं असतं.

बोलणं नुसतं तुरीचं राहिलं नाही. हिरव्या शेंगा मीठ घालून उकडून खातात तिकडेही, हे कळलं तेव्हा मी तिला सांगितलं, आमच्याकडे कोवळ्या दाण्याला सोले म्हणतात, वांग्यात घालून भाजी करतात. ती म्हणाली, माझा नवरा शेंगा सोलून द्यायचा नाही, नुसता खायचा. मी म्हटलं, मीपण तसलाच होतो. सुजाता हसत हसत भाषांतर करायची विसरली.

ड्रम भरायच्या दिवशी मी सांगितलं, चावून पाहा. एस्नाथने दाणा तोंडात टाकला आणि फोन गालाशी धरला. कट्ट. इकडे स्वयंपाकघरात आवाज आला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वाजलं." ती थांबली, विचारलं, काय म्हणालात? सुजाताने परत सांगितलं. तिने तीनदा म्हणून पाहिलं. शेवटचं लं तिला जमेना, वाजरं, वाजलान, असं काहीतरी व्हायचं. मग झाकणं लागली.

सप्टेंबर, ऑक्टोबर गेले. इथली झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी झाली. लोक मुद्दाम गाड्या काढून पानं बघायला जातात. मीही गेलो. सुंदर होतं. पण माझं लक्ष बंद ड्रममध्ये होतं. सुजाता रात्री उठून पाणी प्यायची, मला पावलं ऐकू यायची. तिने एकदा विचारलं, "बाबा, कुजलं असेल तर?" मी म्हटलं, "मग ऊन मोजायला मी जातो तिकडं." खोटं बोललो. कुजलं असतं तर मी पुन्हा भिंतीशीसुद्धा बोललो नसतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर, माझ्या परतीच्या आठवडाभर आधी, उघडायचा दिवस ठरला. शिरीष आदल्या दिवशीच नोव्हायहून येऊन राहिला. डोनाबाई केक घेऊन आली. आम्ही मोठ्या टीव्हीवर फोन जोडला. तिकडे बियाणंघरापुढे चाळीस घरच्या बाया, लेकरं, दोन बकऱ्या. एस्नाथने नवं फडकं बांधलं होतं.

ड्रम बारा. पहिलं झाकण निघालं. तिने आधी नाक लावलं, मग हात कोपरापर्यंत खाली घातला, तळातून मूठ काढली आणि तळहातावर पसरून फोनपुढे धरली. दाणा न दाणा वेगळा. भोक नाही, बुरशी नाही. दुसरं. तिसरं. अकरा ड्रम तसेच निघाले. एकात भुंगा होता, कारण झाकणाची कड तडकली होती. मध्येच ग्रेसने एका बकरीकडे बोट दाखवलं, ती त्यावर उडी मारून बसायची म्हणे. सगळ्यांनी बकरीकडे पाहिलं. बकरीने कोणाकडे पाहिलं नाही.

मग एस्नाथने पदरासारखं ओलं फडकं सोडलं. ड्रम भरताना नमुना म्हणून वेगळे राखून ठेवलेले शंभर दाणे तिने चार दिवसांपूर्वी बांधले होते. एकेक मोड मोजला. ब्याण्णव. शिरीषने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि म्हणाला, "ब्याण्णव, काका. ब्याण्णव." त्याचे डोळे भरले होते. दोन डबे आठवले असतील.

शेवटी एस्नाथने ड्रममधला एक दाणा उचलला. तिने फोन गालाशी नेला. कट्ट. आणि मोठ्याने, मानेची शीर ताणून, स्पष्ट म्हणाली,

"वाजलं."

तीन महिने ती सराव करत होती, ग्रेसने सांगितलं. मागच्या सगळ्या बाया म्हणाल्या, वाजलं. इकडे आमची खोली म्हणाली, वाजलं. डोनाबाईही काहीतरी तसंच म्हणाली. तिकडे टाळ्या, पाय आपटून नाच, ढोल. बी वाटायला सुरुवात झाली, ओच्यात, टोपलीत, टोपीत.

मी उठून आतल्या खोलीत गेलो. पंचफुलाच्या फोटोपुढे उभा राहिलो आणि तेवढंच सांगितलं, "तुह्यं चुकलं नव्हतं." बाहेर अजून ढोल वाजत होता.

संस्थेच्या पुस्तकाची नवी प्रत निघाली आहे. त्यात इंग्रजीत आणि त्यांच्या भाषेत सगळं नव्याने लिहिलंय, पण एका जागी सुजाताने मराठी तसंच ठेवलंय, आपल्या अक्षरात: तीन उन्हं. खाली लिहिलंय, पंचफुलाबाईंनी सांगितलं, एस्नाथबाईंनी मोजलं.

मी परत आलो तेव्हा बटईदाराने पेरलेली माझी तूर फुलावर होती. जानेवारीत निघेल. ह्या वर्षी बी कोण चावून पाहणार हा प्रश्न होता. सुजाताने सुट्टी काढली आहे, काढणीला येते म्हणाली. मी हो म्हटलं. दात तिचे चांगले आहेत.